वाकड्या नाकाचे पदक

एका संस्थानात हरबाजी नावाचा ठसे कोरणारा कारागीर होता. पोलादी ठशावर तो सगळे उलटे कोरी, म्हणजे काशावर ते सुलटे उमटे. त्याच्या आजाने आणि बापाने जन्मभर देवळांच्या घंटा ओतल्या. घंटांवर नावे मात्र देणगीदारांची. त्यामुळे आपल्या घराण्याचे नाव एकदा तरी धातूवर यावे, एवढीच हरबाजीची इच्छा होती.

तशी संधी आली. नदीला महापूर आला तेव्हा राणी सगुणाबाई स्वतः बांधावर उभ्या राहिल्या होत्या. दोर ओढताना एक सुटलेला वासा त्यांच्या तोंडावर बसला. गाव वाचले, पण नाक कायमचे वाकडे झाले. पुढे बांधावर राबलेल्या प्रत्येकाला राणींच्या मुखाचे काशाचे पदक द्यायचे ठरले. संस्थानच्या रिवाजाप्रमाणे मुखाच्या खाली, बारीक अक्षरांत, कोरणाऱ्याचे नाव येणार होते.

हरबाजीने मेणाचा नमुना दरबारात ठेवला. दरबारात सल्ला फुकट मिळतो, त्यामुळे तो मुबलक असतो. दिवाणजी म्हणाले, "नाक तेवढं सरळ कर. पुढच्या पिढ्या बघणार आहेत." राजवैद्यांना गाल भरलेले हवे होते, राणी कृश दिसल्या तर लोक औषधाला नावे ठेवतील. खजिनदारांनी टपोऱ्या मोत्यांचा हार सुचवला.

नावाच्या लोभाने हरबाजीने मान डोलावली आणि सांगितले तसे कोरले. पहिले पदक निघाले. दरबार खूश झाला. हरबाजीने ते तळहातावर घेतले आणि त्याला कसेसेच झाले. बाई देखणी होती, फक्त कोण होती ते कळत नव्हते. ठशावर नावाची जागा अजून कोरीच होती. त्याने छिन्नी उचलली आणि खाली ठेवली.

राणींनी पदक पाहिले. "हरबाजी, तुझं नाव कुठं आहे?"

"घातलं नाही, आईसाहेब."

"त्यासाठी तर इतका मागं लागला होतास."

"होय. पण या बाईंना मी ओळखत नाही. नाक दिवाणजींनी दिलंय, गाल वैद्यबुवांनी. नाव त्यांनीच घालावं."

दिवाणजी भडकले. "दरबाराची थट्टा करतोस? उद्यापासून घंटा ओतायला जा."

"जातो," हरबाजी म्हणाला. "घंटा निदान आपल्या आवाजात वाजते."

राणींनी स्वतःच्या नाकावरून बोट फिरवले. "दिवाणजी, हे मोडलं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

दिवाणजी टेकडीवरच्या देवळात होते, प्रार्थना करत. ते गालिच्याची वीण पाहू लागले.

"मग सरळ करायची घाई तुम्हाला का? हरबाजी, नवा ठसा कर. नाक माझं हवं."

हरबाजीने जीव ओतून काम केले. वाकडे नाक, बसलेले गाल, सारे नेमके उलटे कोरले. शेवटी उरले स्वतःचे नाव. त्या आनंदात जन्माची सवय विसरून ते त्याने सरळ कोरले. पदक निघाले. नाक हुबेहूब, नाव उलटे.

दिवाणजींना फार दिवसांनी हसू आले. "वा, कारागीर! परक्यांचं सगळं बरोबर, आणि घराण्याचं नाव उलटं."

हरबाजीने मान खाली घातली. "नवा ठसा करतो, आईसाहेब."

"काही गरज नाही," राणी म्हणाल्या. "माझं नाक वाकडं, तुझं नाव उलटं. पण दोन्ही आपापली आहेत."

बांधावरच्या माणसांना पदके मिळाली. पदक हाती आले की जो तो आधी त्या नाकावरून अंगठा फिरवी. हरबाजीने घराच्या दाराशी आरसा टांगला. येणाराजाणारा त्यापुढे पदक धरून नाव मोठ्याने वाची, आणि हरबाजी आत बसून, ऐकू न आल्यासारखे करून, पुन्हा वाचायला लावी.

तात्पर्य: जे काम आपले म्हणताना जीभ अडखळत नाही, त्यावरच नाव घालावे. मग ते उलटे उमटले तरी लोक आरसा धरून वाचतात.