स्वच्छ अंगणावर ओतलेले पाणी

समुद्राकाठच्या एका वाडीत पखवाज शिकवणारे एक वृद्ध गुरुजी राहत असत. त्यांचे शिष्य त्यांना आबा म्हणत. घर साधेच, पण घरापुढे जांभ्या चिऱ्यांचे ऐसपैस अंगण होते. दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सारे शिष्य कुटुंबासह तिथे जमत आणि दिवसभर वाजवीत. चार महिन्यांचा पाऊस झेलून अंगण तोवर हिरवेकाळे झालेले असे. ते घासून लख्ख करण्याचे काम गेली कित्येक वर्षे मोरेश्वर नावाच्या एकाच शिष्याकडे होते.

मोरेश्वर हाताचा मोठा तयार. पखवाज असो की खराटा, एकदा हाती घेतले की फडशा पाडूनच थांबायचा. या गुणाचे त्याला स्वतःलाही थोडे कौतुक होते. आपल्याला ज्या गुणाचे कौतुक असते तोच कुठे नडतो आहे, हे आपल्या सर्वांत शेवटी ध्यानात येते. तसेच त्याचेही झाले.

त्या वर्षी तो शुक्रवारी आला, तो एकटाच. त्याची बायको कुंदा माहेरी निघून गेली होती. दोन वर्षांत ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी मोरेश्वर लगोलग गेला, क्षमा मागून तिला घेऊन आला. या वेळी मात्र जाताना ती म्हणाली होती, "आता न्यायला येऊ नका." तिचा आवाज जराही चढलेला नव्हता, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती. तिच्यावर त्याचा जीव होता. रिकामे घर त्याला खायला उठत होते.

"कुंदा नाही आली ती?" ओटीवर बसल्या बसल्या आबांनी विचारले.

मोरेश्वरने सारे सांगून टाकले. शेवटी म्हणाला, "उद्या जातो. पाया पडेन हवं तर. पण आबा, मी दरवेळी माफी मागतो हो, अगदी मनापासून मागतो. मग पुन्हा तेच कसं होतं?"

आबा पानाला चुना लावत होते. त्यांनी अंगणाकडे बोट केले. "आधी ते घासून घे."

मोरेश्वरला वाईट वाटले, पण गुरूंचा शब्द. त्याने धोतर खोचले. खराटा, काथ्याचा बोळा, विटेचा चुरा आणि चिऱ्यांच्या सांध्यांत घालायला जुना विळा, असा सरंजाम घेऊन तो कामाला लागला. डोक्यावर ऊन असे की पाठ भाजून निघावी. अंगणाभोवतीच्या दगडी गडग्याजवळच्या कोपऱ्यात शेवाळाचा थर बोटभर जाड होता. तिथेच त्याचा निम्मा वेळ गेला. मागल्या वर्षी शेजारचे सबनीसकाका त्याच जागी घसरून दोन महिने अंथरुणाला खिळले होते, म्हणून तो कोपरा त्याने दोनदा घासला. दुपार कलली तेव्हा अंगण कोरडे ठणठणीत होऊन लाल दिसू लागले. मोरेश्वर कमरेवर हात ठेवून ते समाधानाने पाहत राहिला.

इतक्यात आबा हळूहळू ओटीवरून उतरले. त्यांच्या हातात भरलेली बादली होती. पायरीशी उभे राहून त्यांनी ती त्या स्वच्छ अंगणावर सरळ ओतून दिली.

"आबा! अहो, आत्ता कुठे वाळलं होतं!"

"आणखी एक आण विहिरीवरनं. आणि ये, बस इथे."

मोरेश्वरने निमूट दुसरी बादली आणून ओतली आणि आबांशेजारी पायरीवर टेकला. दोघे नुसते पाण्याकडे पाहत बसले. पाणी सांध्यासांध्यांतून सावकाश उतरत गेले आणि गडग्याजवळच्या त्या कोपऱ्यात जाऊन साठले. आबांचे पान चघळून व्हायच्या आत बाकीचे अंगण उन्हाने सुकवून टाकले. कोपऱ्यातले पाणी मात्र जागचे हलले नाही.

"तिथे पूर्वी काय होतं रे?" आबांनी विचारले.

मोरेश्वर आठवू लागला, आणि त्याचा चेहरा उतरला. तिथे गडग्याच्या बुडाशी पाणी जायला वीतभर भोक होते. त्यातून गढूळ पाणी बाहेर ऐन फाटकापुढे वाहायचे, आल्यागेल्याच्या पायांना चिखल लागायचा. मोरेश्वरला ते दिसायला बरे वाटेना. तीन वर्षांपूर्वी त्यानेच मापात चिरा घडवून ते भोक बुजवले होते, वरून चुना लावला होता. काम इतके बेमालूम झाले होते की सगळ्यांनी वाहवा केली होती.

"मीच बुजवलं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मला तरी कुठे कळलं होतं? यंदा गुडघ्यांनी धरलं, पावसाळाभर ओटीवर बसून होतो, तेव्हा दिसलं." आबांनी पाय लांब केले. "पाणी यायचंच रे मोरेश्वर. त्यात त्याचा काही अपराध नाही. आणि आपल्याकडचं ऊन असं आहे की पाण्याला वाट असेल तर अंगण आठ दिवसांत आपलं आपण कोरडं होतं. पण जे अडून बसलंय त्याला ते बिचारं कुठवर पुरणार? तू तीन वर्षं जीव तोडून घासतोयस. एकदा स्वस्थ बसून पाणी कुठे थांबतं ते पाहिलं नाहीस. आता सांग, कुंदा बोलायला लागली की तू काय करतोस?"

"माफी मागतो."

"केव्हा?"

मोरेश्वरला परवाची गोष्ट आठवली. कुंदा म्हणाली होती, "त्या दिवशी वन्संसमोर तुम्ही..." आणि तेवढ्यावरच तो म्हणाला होता, "बरं बाई, चुकलं माझं. हे बघ, हात जोडतो." कुंदा गप्प झाली होती. ती गप्प झाली म्हणजे प्रकरण मिटले, असे धरून तो सुखाने जेवायला बसला होता. बहिणीसमोर आपण काय केले होते, हे त्याला अजूनही ठाऊक नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो उठला. मागच्या पडवीतून पहार आणली आणि आपल्या हाताने बसवलेला तो देखणा चिरा त्याने फोडून काढला. साठलेले पाणी भसकन बाहेर गेले.

शनिवारी तो सासुरवाडीला पोहोचला तेव्हा कुंदा उन्हात पसरलेल्या सुपाऱ्या हाताने परतत होती. तिने मान वर केली. "आलात? जोडा आता हात."

ते शब्द त्याच्या जिभेवर तयारच होते. त्याने ते गिळले आणि पायरीवर बसला. "त्या दिवशी ताईसमोर काय झालं ते तू सांगत होतीस. राहिलं ते."

कुंदाने सुपाऱ्या परतणे थांबवले. मग बोलू लागली. बहिणीपासून निघालेली गोष्ट मागे मागे जात लग्नाच्या पहिल्या वर्षापर्यंत पोहोचली. काही ठिकाणी ती चक्क अन्याय करत होती, आणि चारदा तरी उत्तर त्याच्या ओठांवर आले. पण पखवाजीचे ते उतावीळ हात त्याने गुडघ्यांवर दाबून धरले. सुपाऱ्यांवरचे ऊन सरकून भिंतीवर गेले तेव्हा ती थांबली. मग ती घरात गेली. चल, असे तो म्हणाला नाही, आणि ती निघालीही नाही.

रविवारी सकाळी शिष्यांनी अंगण धुतले. पाणी सरळ बाहेर गेले आणि फाटकापुढे छान चिखलाचा राडा झाला. दुपारच्या सुमारास मोरेश्वर वाजवायला बसला होता. फाटक वाजले म्हणून त्याने पाहिले, तर हातात पिशवी घेऊन कुंदा आत येत होती. तिला न्यायला कोणी गेले नव्हते.

चपला काढता काढता ती आबांना म्हणाली, "बाहेर चिखल झालाय हो फार."

"असू दे," आबा म्हणाले. "ये, आत कोरडं आहे."

ती गडग्याजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसली. मोरेश्वरचा ताल चुकला. आबांनी तो ऐकला आणि न ऐकल्यासारखे केले.