भरदुपारच्या चांदण्या

हळद पिकवणाऱ्या एका गावात लिंबाजी नावाचा शेतकरी राहायचा. माणूस कष्टाळू, पण काम उरकायची भारी घाई. त्याच्या शेजारी धुरपताकाकू. त्यांनी बाजारात ढीगभर ताडपत्र्या चाचपून, उन्हात धरून एक जाडजूड निवडून आणली होती. हरभरा मळायला लिंबाजीने ती मागितली. काकूंनी दिली, फक्त म्हणाल्या, उचलून ने, ओढू नकोस.

आता भरलेली ताडपत्री उचलायला चार माणसं लागतात. लिंबाजी कुणाची वाट बघतोय होय! तुरीच्या टोकदार खुंटांवरून त्याने ती एकट्यानेच फरफटत नेली. मग स्वच्छ धुऊन अंगणात दोरीवर तंबूसारखी वाळत घातली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून तिच्याच आडोशाला जाऊन बसला.

सहज वर बघितलं आणि बघतच राहिला. अहो, भरदुपारी चांदणं पडलं होतं! निळ्या अंधारात बारीक बारीक ठिणग्या लुकलुकत होत्या, इकडे विरळ, तिकडे दाट. इतकं देखणं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो हरखून हात वर करून एकेका चांदणीला बोट लावू लागला. बोटाला भोक लागलं. दुसरीला लावलं, तिथेही भोक. मग त्याला तुरीचे खुंट आठवले. ह्या सगळ्या चांदण्या त्यानेच पाडल्या होत्या.

तेवढ्यात ढग गुरगुरला. काकूंची शिजवलेली हळद उघड्यावर वाळत पडली होती. ती भिजली तर रंग जाणार, आणि काकूंचं वर्ष त्या हळदीवरच होतं. हळद झाकायला द्यावी म्हणून लिंबाजीने ताडपत्री काढून चापून घडी घातली. घडीत एकही भोक दिसेना. तशीच दिली असती तर कुणाला काय कळणार होतं? पण काकूंच्या दारात त्याचे हात ती पुढे करेनात.

शेवटी तो म्हणाला, "काकू, आधी हिच्याखाली बसून वर बघा."

त्याने ती काकूंच्या अंगणातल्या दोरीवर टाकली आणि काकूंनी खाली बसून बघितलं. क्षणभर त्यांचंही भान हरपलं. मग शांतपणे म्हणाल्या, "छान आहे रे. पण आता हे विझवायला हवं."

ढग सूर्याकडे सरकत होता. ऊन गेलं की भोकं दिसणार नव्हती. लिंबाजी आत बसून बोटाने भोक दाखवायचा, काकू बाहेरून चिकटपट्टी लावायच्या. एकेक चांदणी मालवत गेली. शेवटची विझली आणि आत मिट्ट काळोख झाला. त्या काळोखाने लिंबाजीला मघाच्या चांदण्याहूनही भारावून टाकलं. त्याचे डोळे भरून आले.

दोघांनी धावतपळत हळद गोळा करून झाकली आणि पाऊस कोसळला. उघडीप झाल्यावर काकूंनी ताडपत्रीचं टोक उचललं, एक हळकुंड घेऊन मोडलं. टक्क आवाज झाला. आतून ते कोरडं आणि केशरी होतं.

काकूंनी ताडपत्रीची घडी घातली आणि म्हणाल्या, "ओसरीत ठेवते. पुढच्या सुगीला न विचारता ने."

तात्पर्य: मागून आणलेली वस्तू घडी घालून नव्हे, उजेडात धरून परत करावी; आपली चूक जो स्वतः दाखवतो, त्याच्यावरच लोक विश्वास टाकतात.