पाकात सापडलेले औषध

एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अणावकर सर नावाचे वयोवृद्ध प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावरही ते रोज प्रयोगशाळेत येत. अन्नातील औषधांचे अंश शोधण्याच्या कामात त्यांच्या सहीला मान होता. केतकी शिरगावे ही त्यांची विद्यार्थिनी. बुद्धीने तल्लख, कामाला वाघीण, पण निष्कर्षाला पोहोचण्याची तिला नेहमी थोडी घाई असे.

या केतकीने एक विलक्षण भुकटी सिद्ध केली होती. लोहाच्या सूक्ष्म चुंबकीय कणांवर ती पॉलिमरचा पातळ थर चढवी. थर घट्ट होण्याआधी त्यात एका प्रतिजैविक औषधाचे रेणू मिसळायचे, म्हणजे थर त्यांच्याभोवतीच आवळला जाई. मग ते औषध धुऊन काढायचे. मागे उरे नेमकी त्याच आकाराची पोकळी. असे कण पातळ केलेल्या मधात सोडले, की साखर, मेण, पराग यांना बाजूला ठेवून ते फक्त तेच औषध पकडीत. बाटलीला बाहेरून चुंबक लावला की काळे कण काचेला येऊन चिकटत. मध ओतून टाकायचा, कणांनी धरलेले सोडवायचे आणि यंत्रावर मोजायचे. इतके सोपे, आणि इतके अचूक.

त्या वर्षी घाटमाथ्यावरच्या मधपाळांच्या एका संस्थेत तंटा उभा राहिला. पोळ्यातल्या अळ्यांना लागणाऱ्या रोगाने पुष्कळांच्या मधमाश्या मेल्या, मात्र भागोजी ढेबे यांच्या पेट्या गजबजलेल्या राहिल्या. "माश्यांना चोरून औषध देतो," अशी कुजबुज सुरू झाली. ज्या मधात औषध सापडेल तो मध संस्थेला विकता येत नसे. अध्यक्षांनी विद्यापीठाला तपासणीची विनंती केली. नमुने आणायला केतकी स्वतः गेली, अध्यक्षांच्याच घरी जेवली, आणि जेवताना भागोजींविषयी जे जे बोलले गेले ते सारे ऐकून परतली.

बाकीच्यांचे नमुने तिने आधी तपासले. कुठेच काही नव्हते. तेवढ्यात जुनी भुकटी संपली. तिने घाईने नवी केली, धुतली आणि भागोजींचा मध तपासला. यंत्राच्या पडद्यावर औषधाची खूण स्पष्ट उमटली. केतकीला आश्चर्य वाटले नाही. सरांच्या सहीसाठीही न थांबता तिने अध्यक्षांना फोन करून टाकला.

चार-सहा दिवसांनी भागोजी स्वतः प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. उन्हाने रापलेला, अंगाने शिडशिडीत माणूस.

"मॅडम, म्या माश्यांना कंदी औषध घातलं न्हाई. माझ्या पेट्या खिंडीच्या पल्याड असत्यात, म्हणून रोग आला न्हाई. तुमचा फोन आला आन् लोकांनी भर उन्हात माझ्या पेट्या तिथनं उचलायला लावल्या. निम्म्या माश्या उडून गेल्या. आता एवढंच सांगा, माझ्या मधात औषध आलं कुठनं?"

"यंत्र खोटं बोलत नाही, काका," केतकी म्हणाली.

सर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ऐकत होते. त्यांनी केतकीकडे पाहिले. "तू फोन केलास?"

"हो सर. निकाल स्पष्ट होता."

सर उठले, चहाच्या शेगडीपाशी गेले, पातेल्यात साखर आणि पाणी घातले आणि पाक करू लागले. केतकी संकोचली. एका माणसाचे अन्न जाण्याची वेळ आली आहे आणि सर साखर ढवळत उभे आहेत! भागोजींनाही काही उमगेना. ते टोपी हातात धरून नुसते पाहत राहिले. पाक निवल्यावर सरांनी तो स्वच्छ बाटलीत भरला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हा तपास. मध तपासलास तसाच. त्याच नव्या भुकटीतले न वापरलेले कण घेऊन."

"सर, ही तर आपली साखर आहे."

"म्हणूनच तपास."

तिने तपासले. कण टाकले, चुंबक लावला, पाक ओतून दिला, यंत्र सुरू केले. पडद्यावर तीच खूण उमटली. केतकीने दुसऱ्यांदा केले. पुन्हा तीच. ती खुर्चीवर बसली.

"या पाकाला एकाही माशीने स्पर्श केलेला नाही," सर शांतपणे म्हणाले. "मग औषध आले कुठून? नीट धुतले न गेल्याने ते तुझ्या कणांतच राहिले होते. ज्या पोकळीने बाहेरचे औषध ओळखायचे, ती आतून भरलेलीच होती. तिच्यातून जे पाझरले, ते तू समोरच्याचे म्हणून मोजलेस."

ते पुढे म्हणाले, "भुकटी घाईने धुतली जाते, हे समजू शकतो. पण नवी भुकटी वापरण्याआधी ती औषध नसलेल्या कोऱ्या पाण्यात तपासायची, हे तू पहिल्या वर्षापासून जाणतेस. या वेळीच का विसरलीस? डोंगरावरून तू नमुन्यांबरोबर आणखीही काही आणले होतेस. ते मनात तसेच राहिले, आणि निकाल त्याला जुळला म्हणून तुला तो तपासावासा वाटला नाही. इतर कुणाच्या मधात औषध निघाले असते, तर तू दहा वेळा पाहिले असतेस."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते पुसले आणि कामाला लागली. मिथेनॉल आणि आम्लाच्या मिश्रणात तिने कण पुनःपुन्हा धुतले. धुवणाच्या शेवटच्या थेंबातही औषध सापडेना तेव्हाच ती थांबली. पाक पुन्हा तपासला. काही नाही. पाकात तिने जाणूनबुजून औषधाचा अंश घातला. कणांनी तो बरोबर पकडला. मग भागोजींचा मध घेतला. पडद्यावरची रेषा सरळ राहिली.

"सही मी करतो," सर म्हणाले. "सांगायला मात्र तू जा."

संस्थेच्या सभेत केतकी उभी राहिली. तिने सरळच सांगितले, "भागोजीकाकांच्या मधात औषध नव्हतं. ते माझ्या कणांत राहून गेलं होतं. मी न पडताळता फोन केला. चूक माझी आहे."

सर्वांच्या नजरा भागोजींकडे वळल्या. त्यांनी केतकीकडे पाहिले नाही. ते एवढेच म्हणाले, "गेलेल्या माश्या गेल्या. राहिलेल्या पेट्या उद्या सांजच्याला, माश्या आत आल्यावर, परत खिंडीपल्याड न्यायच्यात. माणसं लागतील." मग एकेक करून काही मधपाळ उठले. भागोजींना पेट्या उचलायला लावताना त्यातलेच काही जण पुढे होते.

सभा पांगल्यावर अध्यक्ष केतकीजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, भागोजी सुटला, बरं झालं. पण आमच्यात दुसरा एक आहे, त्याच्यावर माझा खरा संशय आहे. त्याचा मध परत एकदा बघाल का? त्याचं नाव…"

"नाव सांगू नका," केतकी हात जोडून म्हणाली. "नुसती बाटली द्या."