हस्तिशाळेतली टोचणी

पूर्वी चंपानगरीत सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व राजाच्या हस्तिशाळेत उपाध्याय होते आणि त्यांना सुदंत म्हणत. माहुतांची मुले लहानपणीच तेथे येत. हत्तीला बसवायचे कसे, त्याचा कान थांबला म्हणजे काय ओळखायचे, हे शिकत आणि मोठी होऊन राजाच्या सेवेत जात. मुख्य आचार्य होते दृढवर्मा. हत्तींच्या बाबतीत त्यांच्याइतका जाणता माणूस त्या देशात नव्हता. पुढे त्यांच्याविषयी बरे बोलता येणार नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

त्या शाळेचा एक जुना नियम होता. रानातून नवे पिल्लू आणले की त्याला एका वयस्क, शांत हत्तिणीजवळ ठेवायचे. तिला धाय म्हणत. पिल्लू तिच्या पायांत घोटाळत राही आणि हळूहळू माणसांना सरावे. त्याला कोणी खडा मारायचा नाही, अंकुश तर नुसता दाखवायचाही नाही. दृढवर्मा मुलांना बजावीत, "पिल्लू सोसतं, पण विसरत नाही." पिल्लाला जो इजा करील त्याला त्याच दिवशी शाळेबाहेर काढले जाई.

दुसरीही एक चाल होती, पण ती कोणी नियम म्हणून सांगत नसे. नवा मुलगा पाण्याचा घडा घेऊन निघाला की थोरली मुले त्याला अंकुशाच्या टोकाने मागून टोचत. त्याने ओरडायचे नाही आणि पाणी सांडायचे नाही. सांडले की उद्या पुन्हा. हिला टोचणी म्हणत. टोचणाऱ्यांनी एकेकाळी स्वतः टोचून घेतलेले होते. आता आपली पाळी आली, याचाच त्यांना आनंद होता.

त्या शाळेत पिंगल नावाचा मुलगा आला. त्याचा बाप हत्तींसाठी गवत कापून आणी. बापाबरोबर येता-जाता पिंगलचा भद्रा नावाच्या पिल्लावर जीव जडला होता आणि तीही त्याचा आवाज ऐकला की सोंड पुढे करी. ते पाहून बोधिसत्त्वांनीच आचार्यांकडे शब्द टाकून त्याला शाळेत घेतले होते. इतरांची टोचणी काही दिवसांत संपे. पिंगलची संपेना, कारण तो माहुताचा मुलगा नव्हता. आचार्यांचा पुतण्या रोहण त्याला 'गवत्या' म्हणे आणि रोज त्याच्या मागे लागे. बाकीची मुले टोचत नसत, पण हसत. न हसणाऱ्याची पाळी उद्या येईल, एवढे त्यांना कळत होते.

एकदा नदीवर हत्ती धुताना बोधिसत्त्वांना पिंगलच्या पाठीवरचे व्रण दिसले.

"हे कोणी केलं?"

"पडलो, उपाध्याय."

बोधिसत्त्व तसेच ओल्या अंगाने दृढवर्म्यांकडे गेले. "आचार्य, पिल्लाला आपण अंकुश दाखवू देत नाही. मग मुलाला टोचू कसे देता?"

"पिल्लू विसरत नाही. पोरं विसरतात. लहानपणी मलाही टोचलंय. तळ्याच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत. काय बिघडलं माझं?"

"कोणत्या पायऱ्यांवर, तेही आपल्याला आठवतंय."

दृढवर्मा जरा मऊ आवाजात म्हणाले, "सुदंता, माझ्यामागं हे आसन तुझंच आहे. पोरांच्या खोड्यांत पडू नकोस."

दुसऱ्याच दिवशी सकाळी भद्रा किंचाळली. सगळे धावले. तिच्या कानामागून रक्त येत होते आणि जवळ पिंगल उभा होता. त्याच्या हातात अंकुश होता. इतकी मुले असताना हे पिंगलच्या हातून व्हावे, यावर प्रथम कोणाचा विश्वासच बसेना. का केलेस, असे सगळे विचारू लागले. तो बोधिसत्त्वांना एवढेच म्हणाला, "मी आलो म्हणून ती जवळ आली होती. माझ्याहून लहान तेवढी तीच."

दृढवर्म्यांनी सर्वांना अंगणात जमवले आणि पिंगलला चालता हो म्हणून सांगितले. तेव्हा बोधिसत्त्वांनी पुढे होऊन मुलाच्या पाठीवरचे वस्त्र बाजूला केले.

"पिल्लाची जखम आपण पाहिलीत. ही कोणी पाहायची? मुलांनो, हे कोणी केलं, तुम्ही पाहिलंय. सांगा."

मुलांनी माना खाली घातल्या. त्यांतल्या एकाने जरी तोंड उघडले असते, तरी आचार्यांना विचार करावा लागला असता. कोणी उघडले नाही. रोहण तर सर्वांत पुढे, भद्रेच्या जखमेला लावायचा लेप घेऊन उभा होता.

"नियम पिल्लांसाठी आहे," दृढवर्मा म्हणाले, "मुलांसाठी नाही."

पिंगल फाटकाबाहेर पडला. बोधिसत्त्व निघालेले पाहून आचार्य कडाडले, "त्याच्यामागं गेलास तर आसन गेलं म्हणून समज!" बोधिसत्त्वांनी आपला अंकुश त्यांच्या पायांशी ठेवला आणि ते गेले. त्यांनी बापाची झोपडी पाहिली, नदीचा घाट पाहिला, रानाची कड पालथी घातली. मुलगा सापडला नाही. परतल्यावर त्यांना नदीकाठी थकलेल्या हत्तींची सेवा नेमून दिली गेली. ती त्यांनी वर्षानुवर्षे केली. शाळेतली टोचणी तशीच चालू राहिली.

दृढवर्मा वारल्यावर राजाने बोधिसत्त्वांना बोलावून आचार्य केले. त्यांनी पहिल्याच दिवशी टोचणी बंद केली. पण नुसते बंद करून भागत नाही, हे ते जाणून होते. प्रत्येक नव्या मुलाला त्यांनी थोरल्यांतला एक सोबती दिला आणि त्यालाही धायच म्हटले. आधी मुले खूप हसली, मग सरावली. धायने नव्याबरोबर पाणी भरायचे आणि तो जेवल्यावर जेवायचे. रोज सकाळी हत्ती सोडण्याआधी सगळे एकत्र बसत. कोणाला काही लागले असेल तर तेथे सांगायचे. त्यातही एक नियम होता. ज्याने सोसले त्याने आधी बोलायचे नाही. ज्यांनी पाहिले त्यांनी आधी बोलायचे.

शाळा बदलली. मग एके दिवशी फाटकाशी एक दांडगा माणूस येऊन उभा राहिला. रानात हत्ती मारून दात विकणाऱ्यांतला तो दिसत होता. आत एक थोरला मुलगा एका नव्याच्या डोक्यावर घडा नीट ठेवून देत होता. तो माणूस ते बराच वेळ पाहत राहिला. घड्याखालची चुंबळ सरकली तेव्हा थोरल्याने ती पुन्हा बसवली.

बोधिसत्त्वांनी त्याला ओळखले. भद्रेनेही ओळखले. ती आता शाळेतली धाय झाली होती. त्याला पाहताच तिने पिल्लाला पोटाखाली घेतले आणि ती मागे सरली.

"विसरली नाही," पिंगल म्हणाला.

"नाही."

"हे सगळं केव्हापासून आहे, उपाध्याय?"

बोधिसत्त्वांना खोटे बोलता आले नाही. "तू गेल्यानंतर."

पिंगलने मान हलवली.

"आत ये, बाळा. इथं आता मुलांनाही धाय देतात. अजून जागा आहे."

"मी आता कोणाचा धाय होणार?" तो म्हणाला आणि आल्या वाटेने निघून गेला. बोधिसत्त्व फाटकाला धरून उभे राहिले आणि मुलांच्या देखत रडले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, सांगितली तेव्हा विहारात काही श्रामणेर, म्हणजे शिकाऊ लहान भिक्षू, पुण्ण नावाच्या नव्या श्रामणेराला छळत होते. त्याचे भिक्षापात्र कोणीतरी फोडले होते आणि तो तीन दिवस उपाशी होता. एका स्थविरांनी, म्हणजे थोरल्या भिक्षूंनी, ते हसण्यावारी नेले होते. कथा संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा पिंगल म्हणजे आजचा पुण्ण. रोहण म्हणजे ज्याने पात्र फोडले तो. 'पोरंच ती, चालायचंच,' असं म्हणणारे स्थविर म्हणजे दृढवर्मा. सुदंत मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भन्ते, आणि माना खाली घालणारी मुले?"

शास्त्यांनी सभेकडे पाहिले. सभेत कोणाचीच मान वर नव्हती. सहन करणे हा गुण खरा, पण तो ज्याचा त्याने पाळायचा असतो. दुसऱ्याला पाळायला लावला की त्याचाच अंकुश होतो. हे तेव्हा पुष्कळांना कळले असावे.

मग मागच्या रांगेतून एक लहान श्रामणेर उठला. "भन्ते, पात्र कोणी फोडलं ते मी पाहिलंय."

"सांग," शास्ता म्हणाले. "उशीर झाला खरा. पण मैत्री म्हणतात ती हीच."