काळे कोपरे

कॅमेरे आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. देवळांचे फोटो काढणाऱ्या सुलभाताई धोंगड्यांनी मोठा कॅमेरा घेतला, पण लेन्स जुन्या, लहान कॅमेऱ्याचीच ठेवली. दोघांना जोडायला अ‍ॅडॉप्टर आणला. तो लेन्सला वर सरकवी, म्हणजे उंच कळसही फोटोत मावे.

“बसला बाई एकदाचा!” ताई म्हणाल्या. सरळ फोटो छान आला. कळसासाठी लेन्स वर सरकवली, तर फोटोचे वरचे कोपरे काळे पडले.

कॅमेरा कुरकुरला, “अ‍ॅडॉप्टरच बिघडलाय.”

“मला नको तितकं ओढलंन् यानं,” लेन्स म्हणाली.

अ‍ॅडॉप्टर थकून म्हणाला, “अगं, तू आत पाडतेस ते उजेडाचं वर्तुळ लहान कॅमेऱ्याच्या मापाचं. या मोठ्याला ते जेमतेम पुरतं. मी सरकवीन, पण कोपऱ्यांना जास्तीचा उजेड कुठून आणू?”

कोणी ऐकलं नाही. ताईंनी त्याला डबीत घालून दुकानात परत धाडलं आणि महागातला दुसरा आणला.

“आधीचा फारच वाईट होता हो,” लेन्सने त्याला सांगितलं.

नव्या अ‍ॅडॉप्टरने तिला अगदी जपून वर सरकवलं. कोपरे काळेच आले.

आपली डबी कुठे ठेवलीय, तेवढं त्याने पाहून ठेवलं.