वाऱ्याला मागे टाकणारा रथ

फार फार वर्षांपूर्वी, घोडे आणि चाकं यांवरून माणसाची ऐट ठरायची तेव्हाची ही गोष्ट. एका नगरात रथांचे शौकीन उदंड होते. चाकाला लोखंडी धाव चढवणाऱ्या लोहाराच्या भट्टीपाशी ते रोज जमत आणि कुठला रथ चांगला यावर घसा कोरडा करत. त्यातल्या निम्म्यांच्या दारात मोडका छकडादेखील नव्हता, पण मतं मात्र सगळ्यांना होती.

त्यांच्यात एक खरा पारखी होता. डोळे मिटून नुसता चाकाचा आवाज ऐकला, तरी लाकूड बाभळीचं की सागाचं हे तो सांगे. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एकदा थोरल्या रथकाराने दवंडी पिटवली, "वाऱ्याला मागे टाकणारा रथ! तोंडातला विडा रंगायच्या आत टेकडीवरून नदीवर!" परीक्षेला साक्षीदार म्हणून त्याने पारख्याला बोलावलं.

पारख्याने सारं पाहिलं. सगळा रस्ता उताराचा. रथ रिकामा. हाकणारा काडीसारखा. आणि वजन नको म्हणून चाक रोखायचा लाकडी दांडा बसवलेलाच नव्हता. रथ सुटला तो थेट नदीच्या वाळूत रुतून थांबला.

"अहो, पण दांडा..." पारखी बोलू लागला.

रथकाराने लगबगीने त्याच्या खांद्यावर जरीची शाल घातली. "आपल्यासारखा जाणता नगरात दुसरा कोण आहे? आपण बरा म्हणालात, की जग बरा म्हणेल."

लोक टाळ्या पिटत होते. शाल खरोखरच सुरेख होती. पारखी हसला आणि म्हणाला, "असा वेग मी जन्मात पाहिला नाही." यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्याला स्वतःची लाजही वाटली नाही.

पारख्याचा धाकटा भाऊ राजाचे खलिते घाटापलीकडे पोचवण्याचं काम करी. आठवड्याने तो विचारायला आला. "दादा, तो रथ घेऊ म्हणतो. घाटात चालेल ना? घरी दोन लेकरं आहेत, म्हणून विचारतो."

पारख्याच्या जिभेवर दांडा आला होता. पण आता बोलावं, तर त्या दिवशी गप्प का बसलो, हे सांगावं लागणार. अख्ख्या नगरात हसं झालं असतं.

"घे," तो म्हणाला. "तू काय आजचा हाकणारा आहेस? सांभाळून ने म्हणजे झालं."

घाटाच्या तिसऱ्या वळणाला रथ आवरेना. तिथे वाळू नव्हती, दरी होती. भाऊ गेला, घोडेही गेले.

भट्टीवरचे शौकीन समाचाराला आले. घटकाभर हळहळले आणि मग वळले आपल्या वळणावर.

"रथात खोट नाही हो. लगाम सैल सोडला असणार."

"असा रथ पेलायला मनगट लागतं. सगळ्यांचं काम नव्हे ते."

"पण उतारावर काय पळाला असेल, नाही?"

मेलेल्या भावाला असं नावं ठेवलेलं पारख्याला ऐकवेना. तो ओरडला, "माझ्या भावाइतका घाट कुणाला ठाऊक नव्हता! त्या रथाला रोखायचा दांडाच नाही. मी स्वतः पाहिलंय!"

दारात भावजय उभी होती. तिने विचारलं, "कधी पाहिलंत?"

"परीक्षेच्या दिवशी."

"म्हणजे हे तुम्हाला विचारायला आले होते, त्याच्या आधी?"

पारखी खाली बघू लागला. शौकीनही गप्प झाले. त्यांच्या आयुष्यात असं बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल.

भावजय रडली नाही, भांडलीही नाही. आत जाऊन तिने दोन लुगडी गाठोड्यात बांधली, लेकरांना घेतलं आणि ती माहेरच्या वाटेला लागली. पारखी मागोमाग धावला. "अगं थांब, पोरं दमतील. गाडी जुंपतो."

"नको," ती मागे न बघता म्हणाली. "तुम्ही चांगली म्हणाल त्या गाडीत माझी लेकरं बसणार नाहीत."

मुलांनो, आणि मुलांच्या बापांनो, ध्यानात ठेवा: बढाई मारणारा माल विकतो, पण सारं जाणून गप्प बसणारा जीव घेतो.