खापरांचे तळे

फार पूर्वी, माणसे मातीच्याच भांड्यांत रांधत आणि मातीच्याच भांड्यांतून पाणी पीत, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगरावर एक गाव होते. गावाला तळेही होते, पण त्यात पाणी टिकत नसे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरे आणि होळीच्या आत सगळे पाणी जमिनीत मुरून जाई. गावाच्या कारभाऱ्याने तळाला चिकणमाती थापून पाहिली, दगड बसवून पाहिले. कशाचाच उपयोग झाला नाही. दरीतल्या झऱ्यावरून पाणी वाहून वाहून बायका थकल्या. शेवटी कारभाऱ्याने जड मनाने ठरवले, की पेरणीआधी गाव सोडायचे.

घरोघरी बोचकी बांधायला सुरुवात झाली. कारभाऱ्याची सून हौसा अंगणात भांडी आवरत होती. तिला कुडावर दोन साळुंक्या दिसल्या. त्यांचे पंख ओले होते.

तिला नवल वाटले. आसपास पाण्याचा थेंब नसताना या भिजल्या कुठे? हातातले काम टाकून ती त्यांच्या मागे गेली.

साळुंक्या उतरल्या गावाच्या उकिरड्यावर. तिथे एका खड्ड्यात स्वच्छ पाणी साचले होते. मागे वळवाची एक सर येऊन गेली होती, तिचेच ते पाणी. तळ्याने ते एक दिवसही धरले नव्हते, मग या खड्ड्याने कसे धरले? हौसाने काठीने तळ उकरला. तो उकरेना. तिने कडेचा एक तुकडा फोडून पाहिला. आत लाल कण होते आणि पांढरा चुना होता.

मग तिच्या ध्यानात आले. गावातली फुटकी मडकी, कौले, परळ सगळे इथेच येऊन पडत. भिंतींना लावून उरलेला चुनाही इथेच टाकत. गुरांच्या खुरांखाली खापरांचा भुगा झाला होता आणि चुन्यात मिसळून तो दगडासारखा घट्ट बसला होता.

ती घरी आली. खापरे कुटून, चुन्यात कालवून तिने अंगणात एक लहान खड्डा लिंपला. तो नीट वाळल्यावर तिने आपल्या वाट्याचे पाणी त्यात ओतले आणि सासऱ्यांना सांगितले.

"मामंजी, निघायचे तर निघूच. पण उद्या सकाळी एवढा खड्डा बघा."

सकाळी पाणी होते तसेच होते. कारभाऱ्याने खड्ड्याचा तळ बोटांनी चाचपून पाहिला. मग त्याने विचारले, "याला लागते काय?"

"चुना, आणि आपण फेकतो ती खापरे."

बांधलेली बोचकी सुटली. लोकांनी उकिरडा उपसला, माळे शोधले. एका म्हातारीने आपल्या लग्नातले तडकलेले मडके जपून ठेवले होते. तिने त्यावरून एकदा हात फिरवला आणि ते ढिगात ठेवले. सारा गाव कुटायला आणि तळ चोपायला बसला. पावसाच्या आधी काम पुरे झाले.

तळे भरले. होळी आली तेव्हा लहानथोर सगळे काठावर जाऊन उभे राहिले. पाणी अजून काठाच्या पायऱ्यांना लागलेले होते.

त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका गावाची माणसे पाण्यावाचून घरे सोडून तिथून चालली होती. कारभाऱ्याने त्यांना पोटभर पाणी पाजले. निघताना त्याने त्यांच्या प्रमुखाला विचारले, "तुमच्या गावाचा उकिरडा कुठे आहे?"

खापरांची आणि चुन्याची रीत शिकून ती माणसे तिथूनच आपल्या गावाकडे परतली.

तात्पर्य: वस्तू फुटली म्हणून तिचे काम संपत नाही, टाकण्याआधी तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहावे.